यावलच्या जंगलात गणनेला जाताना

आधी परवानगी काढा, मग बूट घाला. यावल अभयारण्यात जनावरं मोजायला, म्हणजे अभ्यासासाठी शिरायचं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ खाली परवाना लागतो. अर्जासोबत नकाशा जोडा आणि त्या बीटचा (वनरक्षकाच्या हद्दीतल्या जंगलाचा) वनरक्षक किंवा वनमजूर सोबतीला मागून घ्या. जंगलातला माणूस बरोबर नसेल तर गणना करूच नये, असं माझं मत. मी प्राणिशास्त्र शिकवतो. पण पाल गावाच्या बाजूचा एखादा पावरा आदिवासी बाबा वाळूतला अर्धा ठसा बघून जे सांगतो, ते आमच्या एम.एस्सी.च्या पोरांना पुस्तक उघडूनही सांगता येत नाही.

दिवस फेब्रुवारी ते एप्रिलचे बरे. साग, सालई उघडे पडतात, लांबवर दिसतं. अडचण एवढीच की सागाचा वाळला पाला पायाखाली उडदाच्या पापडासारखा वाजतो. म्हणून हळू चालायचं, तासाला एक-दीड किलोमीटर, आणि सूर्य उगवताच सुरुवात करायची.

लाइन, म्हणजे मोजत चालायची वाट, २ किलोमीटरची, सरळ, नकाशावर आधीच आखलेली. सोपं पडतं म्हणून रस्ता किंवा नाला धरून चालू नका. बिबट्या आरामात रस्त्याने चालतो, बाकीची जनावरं बिचकून रस्त्यापासून लांब राहतात, मग आकडा कुठल्या तरी एका बाजूला झुकतो. जनावर दिसलं की आहे तिथेच थांबा. किती आहेत, किती अंतरावर आणि लाइनपासून किती अंशात, हे लिहा. समजा ६० मीटरवर, ३० अंशाच्या कोनात चार रोही दिसले. अंतराला कोनाच्या साइनने गुणलं की लाइनपासूनचं काटकोनातलं अंतर येतं, इथे ३० मीटर. कळप असेल तर मोजमाप कळपाच्या मध्यापर्यंत. हा खटाटोप कशाला? लाइनला खेटून असलेलं जनावर सहसा नजरेतून सुटत नाही, लांबचं झुडपाआड सुटतं. कोणत्या अंतरावर किती सुटतात, ते या नोंदींवरून काढता येतं. मात्र त्यासाठी एकेका प्राण्याच्या निदान ६० ते ८० नोंदी हव्यात. यावलसारख्या विरळ जंगलात तेवढ्या जमणं कठीण, म्हणून आमची खरी मदार खुणांवर.

खुणांसाठी मात्र नाल्याची वाळू आणि धुळीची पायवाटच धरायची, कारण ठसा तिथेच उमटतो. बिबट्याच्या ठशात नखं दिसत नाहीत आणि मागच्या गादीला तीन पाळ्या असतात. नखं दिसली तर कुत्रा, लांडगा किंवा तडस. तडसाचा पुढचा पाय मागच्यापेक्षा ठळक मोठा असतो. त्याची विष्ठा हाडांमुळे वाळल्यावर पांढरी पडते. अस्वलाच्या विष्ठेत हंगामाप्रमाणे बोराच्या बिया किंवा मोहाची फुलं सापडतात, आणि वारूळ उकरलेलं दिसलं की पहिला संशय त्याच्यावरच घ्या. लेंड्यांचा ढीग एकाच जागी साचलेला असेल तर लगेच रोही लिहू नका, चौसिंगाही तसंच करतो. लेंडीचा आकार बघा. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, आणि खात्री नसेल तर ‘ओळख पटली नाही’ असंच लिहा.

बुद्धपौर्णिमेला मचाणावर जरूर बसा, मजा येते. पण एकच सांबर रात्रीतून दोनदा पाण्यावर येऊ शकतं, त्यामुळे तिथल्या बेरजेवरून जंगलात किती जनावरं आहेत हे सांगता येत नाही.

पक्ष्यांसाठी एका जागी दहा मिनिटं उभं राहून ऐकायचं, मग २०० मीटर पुढे जायचं. साग-जंगलात दिवसाढवळ्या घुबड दिसलं तर डोकं बघा. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळपास कोरं. हा रानपिंगळा १८८४ नंतर पक्का सापडला नव्हता. एका इंग्रज संग्राहकाने चोरलेल्या नमुन्यावर १९१४ साल आणि गुजरातमधलं मांडवी असं खोटं लेबल लावलं होतं, आणि लोक तिकडेही शोधत राहिले. ते लेबल खोटं निघाल्यावर अभ्यासक जुन्या खऱ्या नोंदींच्या जागी गेले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ तो सापडला. आपल्या खानदेशातच! ठिकाणाच्या रकान्यात पोरं नुसतं ‘सातपुडा’ लिहितात तेव्हा मी नोंदीचं पत्रक परत करतो, ते यासाठी.

तसाच शून्याचा रकाना. लाइन चाललात, काहीच दिसलं नाही, तर तारीख, सुरुवात-शेवटची वेळ, अंतर आणि ‘०’ लिहून सही करा. असली पत्रकं फेकून दिली की दर किलोमीटरमागचं प्रमाण फुगतं आणि पुढच्या वर्षी कोणी शून्यं नीट लिहिली की उगाच जनावरं कमी झाल्यासारखी वाटतात.

संध्याकाळी पत्रकांची एक प्रत वनकार्यालयात द्या. रानपिंगळ्याची ढोली किंवा अस्वलाची गुहा सापडली असेल तर तिचे अक्षांश-रेखांश फक्त त्या प्रतीत लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायच्या फोटोतून मात्र लोकेशन आधी काढा.