फुप्फुसाचा पेट-सीटी श्वासामुळे फसतो, या चुका टाळा

पेट-सीटी म्हणजे किरणोत्सारी औषध टोचून गाठीची चमक टिपणारा पेट आणि शरीराची रचना दाखवणारा सीटी, असे दोन स्कॅन एकत्र. त्यातली सगळ्यात महागडी चूक मशीनमध्ये नाही, माइकवरून रुग्णाला सूचना देताना होते. ‘खोल श्वास घ्या, रोखून धरा.’ छातीच्या साध्या सीटीला हे बरोबरच आहे. पण पेटला छातीच्या एकेका टप्प्यावर दोन-तीन मिनिटं लागतात, तेवढा वेळ श्वास कोण रोखणार? मग सीटीत श्वासपटल खाली दाबलेलं आणि पेटमध्ये वर-खाली होणारं, अशी दोन वेगळी शरीरं आपण एकावर एक ठेवतो. शरीरात अडून कमी झालेल्या पेटच्या किरणांची दुरुस्ती सीटीतल्या घनतेवरून होते. जिथे खरं यकृत आहे तिथे सीटी हवा दाखवतो आणि यकृताच्या माथ्यावर केळ्याच्या आकाराचा फिकट पट्टा उमटतो. त्याहून वाईट म्हणजे यकृताच्या माथ्यावरची गाठ फुप्फुसाच्या तळाशी असल्यासारखी दिसते. कॅन्सरची स्टेजच बदलली की हो!

सूचना एवढीच द्या: ‘नेहमीसारखा हलका श्वास चालू ठेवा.’ आणि ती टेबलावर पहिल्यांदा देऊ नका. घाबरलेला माणूस माइकमधून ‘श्वास’ हा शब्द ऐकताच छाती भरून घेतो. इंजेक्शननंतर तासभर तो बसलेलाच असतो, तेव्हा दोन मिनिटं सराव करून घ्या.

फिकट पट्टा दिसलाच तर रुग्णाला टेबलावरून उतरवण्याआधी दुरुस्ती न केलेल्या प्रतिमा पाहा. पट्टा तिथे नसेल तर दोष जुळणीचा. पुन्हा इंजेक्शन लागत नाही, त्यातल्या किरणोत्सारी फ्लोरिन-१८चं अर्धायुष्य ११० मिनिटं आहे. छातीपुरता कमी डोसचा सीटी आणि तेवढाच पेट पुन्हा घ्या.

दुसरी चूक आकड्यावर विसंबण्याची. फुप्फुसाच्या खालच्या लोबमधली गाठ श्वासागणिक एक-दोन सेंटिमीटरही सरकू शकते. ७-८ मिलिमीटरची गाठ अशी फिरली की तिची चमक पसरते, एसयूव्ही (गाठीने किती औषध शोषलं याचा आकडा) खाली येतो आणि ‘सौम्य असावी’ असं वाटून जातं. मला या जागेची सगळ्यात जास्त धास्ती वाटते. आकडा कमी आहे म्हणून गाठ सोडून देऊ नका. उपचारांआधीचा स्कॅन साधा आणि नंतरचा गेटिंगचा (श्वासाच्या लयीनुसार स्कॅनचे भाग पाडणारा) असेल, तर त्यांचे एसयूव्ही शेजारी मांडून तुलनाही करू नका.

गेटिंग लावलं की काम झालं, असंही नाही. रुग्णाला बांधलेला श्वास मोजणारा पट्टा सैल असेल तर पडद्यावरची श्वासाची रेघ जवळजवळ सपाट येते. रुग्णाला डुलकी लागली की लय बदलते. रेघेवर शेवटपर्यंत लक्ष हवं. शिवाय तीन मिनिटांचे सहा भाग केले तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धंच मिनिट येतं आणि चित्र दाणेदार होतं. फुप्फुसाच्या टप्प्याला वेळ वाढवा, बाकी शरीराला नको.

रेडिएशनच्या प्लॅनिंगसाठी ४डी सीटी (श्वासाबरोबरची हालचाल टिपणारा सीटी) करताना टेबलाचा वेग रुग्णाच्या श्वासाला जुळवा. संथ श्वासाच्या माणसाला नेहमीचा वेग ठेवला तर मध्ये माहितीच्या फटी पडतात. श्वासाची लय चुकली तर श्वासपटलाची कड पायऱ्यांसारखी तुटलेली दिसते. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २००६च्या अहवालात ५ मिलिमीटरपेक्षा जास्त हालचालीसाठी श्वासाचं नियोजन सुचवलं आहे, पण ती हालचाल मोजायची तर आधी स्कॅन नीट हवा. आणि गाठीची सीमा फक्त एमआयपीवर (सगळ्या फेजमधले सर्वांत पांढरे बिंदू एकत्र करून केलेल्या चित्रावर) आखू नका. श्वासपटलालगतची गाठ त्याच्याच पांढऱ्या सावलीत बुडून जाते. तिथे दहाही फेज, म्हणजे श्वासाच्या दहा भागांची चित्रं, एकेक करून उघडाव्याच लागतात.