धातूंच्या संयुगांची जीवाणूंवर चाचणी: या चुका टाळा

तांब्याचं किंवा चांदीचं कॉम्प्लेक्स (धातूला इतर रेणू जोडलेलं संयुग) बनवायचं, जीवाणूंच्या प्लेटवर टाकायचं, झोन (भोवतीचं वाढ न झालेलं वर्तुळ) मोजायचा आणि 'उत्तम प्रतिजैविक' असं प्रबंधात लिहून मोकळं व्हायचं, ही वाट एमएस्सीच्या प्रोजेक्टांनी चांगलीच मळलेली आहे. विषयात दम नाही असं नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या को-ॲड उपक्रमाने २०२० मध्ये ९०६ धातुयुक्त संयुगांचे निकाल मांडले. त्यांतली ९.९ टक्के जंतूंवर लागू पडली. निव्वळ सेंद्रिय रेणूंत हेच प्रमाण ०.८७ टक्के होतं. घोळ होतो तो चाचणीत.

अर्धवट कंट्रोल

फेनँथ्रोलिनसारखा लिगँड (धातूला जोडला जाणारा रेणू) एकटाही जीवाणूंची वाढ रोखतो. मग श्रेय तांब्याला कसं देणार? कॉम्प्लेक्सशेजारी नुसता लिगँड, नुसता धातूचा क्षार आणि नुसतं सॉल्व्हंट हवंच. तेही मोलच्या हिशेबाने: एका तांब्यामागे दोन लिगँड असतील, तर लिगँडच्या कंट्रोलमध्ये दुप्पट मोल घ्या.

डीएमएसओवर आंधळा भरवसा

डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये बहुतेक सगळं विरघळतं, पण प्लॅटिनम, रुथेनियम अशा धातूंना ते स्वतःच जोडलं जातं आणि क्लोराइडला बाहेर काढतं. सिस्प्लॅटिन असंच निकामी होतं. स्टॉक (मूळ घट्ट द्रावण) ताजा बनवा, स्पेक्ट्रम लगेच आणि पुन्हा २४ तासांनी घ्या. वेलमध्ये (चाचणीच्या प्लेटमधल्या खळग्यात) डीएमएसओ एक टक्क्यावर जाऊ देऊ नका.

साक्याला वाढ समजणं

चांदीवाल्यांनी इथे जास्त सांभाळावं. म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये (जीवाणू वाढवायच्या द्रवात) क्लोराइड असतं. चांदीचा आयन सुटला की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका धरतो, वेल गढूळ दिसतो आणि वहीत 'वाढ' अशी नोंद होते. म्हणून ब्रॉथ आणि संयुग असलेला, पण जीवाणू न टाकलेला एक वेल प्रत्येक मात्रेला ठेवा. त्यातही गढूळपणा आला आणि उजेडात तो करडा-जांभळा पडू लागला, तर तो साकाच. तरी शंका राहिली तर वेलमधला नमुना हजारपट पातळ करून त्यातले १० मायक्रोलिटर अगारवर टाका. सुरुवातीला मिलिलिटरला ५ लाख जीवाणू टाकले असतील, तर वाढ न झालेल्या वेलमधून पाचेक वसाहती येतील, नाहीतर एकही नाही. खरी वाढ असेल तर मोजताही येणार नाहीत इतक्या येतात.

रंगीत कॉम्प्लेक्सचं ६०० नॅनोमीटरवरचं (गढूळपणा मोजणारं) वाचनही असंच फसवं असतं. रेझाझुरिन (जिवंत पेशींमुळे रंग बदलणारं द्रव्य) वापरणार असाल तर जीवाणूंशिवाय संयुग त्याचा रंग बदलतं का, हे आधी बघा.

झोनच्या मिलिमीटरवरून क्रमवारी

जड, पाण्यात न विरघळणारा रेणू अगारमध्ये सरकतच नाही, म्हणून झोन लहान येतो. त्याऐवजी एमआयसी (वाढ रोखणारी किमान मात्रा) काढा. लाल रक्तपेशी फुटतात का, हेही त्याच सुमारास तपासा. पेशींवर सरसकट तुटून पडणारी संयुगं इथेच गळतात.

आणि स्ट्रेन (जीवाणूचा वाण) नीट निवडा. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा एटीसीसी (अमेरिकेतला जीवाणूसंग्रह) क्रमांक २५९२३ डिस्कच्या झोन-चाचणीसाठी असतो, ब्रॉथमधल्या एमआयसीसाठी २९२१३. ही अदलाबदल व्हायव्हात हमखास पकडली जाते.