माशांच्या टाकीचे हूड : लाकूड कोणते घ्यावे

माशांच्या टाकीवरच्या हूडची, म्हणजे टाकीवर बसणाऱ्या लाकडी आवरणाची, आतली बाजू बारा महिने वाफेत असते आणि बाहेरची बाजू घरातल्या हवेत. लाकडाची खरी परीक्षा या तफावतीत होते, कारण एका अंगाने फुगणारी आणि दुसऱ्या अंगाने तशीच राहणारी फळी वाकल्याशिवाय राहत नाही. कोल्हापुरात त्यात जुलै-ऑगस्टची भर पडते. पंचगंगेचे पाणी चढलेले असते, धुतलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, मग टाकीवरच्या लाकडाला सुकायला सवड कुठली? त्यामुळे लाकूड दुकानात कसे दिसते यापेक्षा ऐन पावसात ते किती फुगेल, किती वाकेल, हे पाहून निवड करावी.

माझे पहिले हूड पार्टिकल बोर्डाचे, म्हणजे लाकडाचा भुसा डिंकाने दाबून केलेल्या फळीचे होते. वर लॅमिनेट असल्यामुळे पाण्याचे काही होत नाही, असे विकणाऱ्याने सांगितले आणि मी ते मानले. मे महिन्यात बसवलेल्या त्या हूडच्या खालच्या कडा ऑगस्टपर्यंत फुगून जाड झाल्या, कोपऱ्यातले लॅमिनेट सुटले आणि एके दिवशी झाकण उचलताना ओला भुसा थेट पाण्यात पडला. एमडीएफचीही (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या फळीचीही) गत तीच होते. रंगाला कुठेही बारीक चीर पडली की पाणी आत शिरते आणि फुगलेली कड पुन्हा मूळ जाडीवर येत नाही. हे दोन्ही प्रकार स्वस्त असले तरी या कामासाठी घेऊ नयेत.

घन लाकडात सागवानाला तोड नाही. त्याच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते, ते ओलाव्याने फार फुगत नाही आणि त्याला बुरशीही सहजी लागत नाही. मात्र हे गुण तपकिरी गाभ्याचे आहेत. सालीलगतचा पांढुरका भाग टिकाऊ नसतो, म्हणून अशा पट्ट्याची फळी स्वस्त मिळाली तरी नाकारावी. ३६ इंच लांब, १५ इंच रुंद आणि ६ इंच उंच हूडला चार बाजू व वरची फळी धरून ८ चौरस फूट लाकूड लागते, म्हणजे पाऊण इंच जाडीचे अर्धा घनफूट. त्याचे वजन सुमारे ९ किलो भरते. रोज दाणे टाकताना एवढे वजन उचलणे त्रासाचे होते, म्हणून वरचा भाग बिजागरीवर उघडणारा आणि हलका ठेवावा.

माझा स्वतःचा कल जुन्या सागवानाकडे आहे. पेठांमधली जुनी घरे उतरवली जातात तेव्हा चौकटी, तुळया, फळ्या विकायला येतात. हे लाकूड वर्षानुवर्षे सुकलेले असते आणि ज्याला वाकायचे ते आधीच वाकून झालेले असते. रंधा मारण्यापूर्वी त्यातले खिळे चुंबक फिरवून शोधावेत. जुन्या तेलरंगात शिसे असण्याची शक्यता असते, म्हणून असा रंग कोरडा घासून त्याची धूळ घरात उडवू नये; शक्यतो रंग नसलेलाच तुकडा निवडावा.

नव्या लाकडाचा ओलावा तपासण्याची सोपी रीत अशी : वखारीतून फळीचा वीतभर तुकडा आणावा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन करावे आणि आठ दिवस पंख्याखाली ठेवून पुन्हा वजन करावे. ते ठळकपणे घटले असेल तर लाकूड अजून ओले आहे. शिवण आणि फणस हे सागवानाला चांगले पर्याय आहेत, त्यातही शिवण हलके असते व कमी वाकते. आंब्याच्या फळ्यांना भुंगा लवकर लागतो. ऐन झाडाचे लाकूड मजबूत खरे, पण चिरते आणि पिळते.

वरच्या रुंद भागासाठी प्लाय अधिक बरे. आयएस ७१० (मरीन प्लायचे भारतीय मानक) हा शिक्का असलेला मरीन प्लायच घ्यावा. त्याच्या डिंकाची कसोटी ७२ तास उकळत्या पाण्यात घेतलेली असते. एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट, म्हणजे साधा दमटपणा सोसणारा) प्लाय घरातल्या कपाटाला चालतो, वाफेला नाही. सागवानाची चौकट आणि वर १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय, अशी जोडणी मला सर्वांत भरवशाची वाटते. प्लायच्या कापलेल्या कडा मात्र इपॉक्सीने (दोन भाग मिसळून लावायच्या, घट्ट होणाऱ्या लेपाने) पूर्ण बंद कराव्यात, कारण पाणी आधी तिथूनच शिरते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सुतार सवयीने आतून वाळवीचे औषध मारून देऊ का असे विचारतात. त्याला स्पष्ट नकार द्यावा. क्लोरपायरिफॉससारखी औषधे माशांना अत्यल्प प्रमाणातही घातक असतात आणि हूडवर जमलेले थेंब पुन्हा टाकीतच पडतात. औषध मुरवलेले हिरवट लाकूडही याच कारणाने वर्ज्य. त्यात तांबे असते आणि तांबे कोळंबी व गोगलगायींना मारते. पितळी किंवा जस्ताचा मुलामा दिलेले स्क्रू टाळून स्टेनलेस स्टीलचे वापरावेत. साधे लोखंड गंजते आणि सागवानावर काळे डाग पाडते.

पॉलियुरेथेन (एक प्रकारचे वार्निश) किंवा इपॉक्सीचे थर दोन्ही अंगांनी सारखेच द्यावेत. फक्त आतून दिल्यास फळीचा तोल बिघडतो. सागवान तेलकट असल्याने डिंक किंवा लेप लावण्याच्या जरा आधी ॲसिटोनने पुसून घ्यावे, नाहीतर थर पापुद्र्यासारखा सुटतो. शेवटच्या थरानंतर निदान आठवडाभर हूड उघड्यावर ठेवावे आणि आत नाक घालून पाहावे. वास येत असेपर्यंत ते टाकीवर ठेवू नये. पाणी आणि लाकूड यांच्यामध्ये ४ किंवा ५ मिलिमीटरची काच हवीच, आणि मागच्या बाजूला हवा खेळण्यासाठी दोन बोटे फट ठेवावी. हूड उन्हाळ्यात बनवत असाल तर उघडणाऱ्या झाकणाच्या चहूबाजूंनी २-३ मिलिमीटर जागा सोडावी. मे महिन्यात घट्ट बसवलेले झाकण जुलैत उघडत नाही.