पावसाळ्याआधी डिशचा स्विच असा तपासा

आमच्या मालवणात स्वस्तातला डायसेक स्विच (अनेक छत्र्या एकाच सेटटॉप बॉक्सला जोडणारी डबी) दोन पावसाळे काढला तर नारळ फोडावा. माझ्या छपरावर दोन छत्र्या: एक ९३.५ अंश पूर्वेच्या उपग्रहावर, फ्री डिशची. दुसरी शेजारच्या उपग्रहावर. मधे चार तोंडांचा स्विच.

तक्रार नेहमीची. निम्मे चॅनल दिसतात, निम्म्यांवर 'नो सिग्नल'. लगेच छत्री हलवू नका! आधी सेटटॉप बॉक्सचा प्लग काढा. चालू असताना केबलीची मधली तार बाहेरच्या जाळीला टेकली तर शॉर्ट होतो. मग स्विच काढून, ज्या छत्रीची तक्रार तिची केबल आणि बॉक्सकडे जाणारी केबल साध्या जॉइंटरने जोडा, आणि बॉक्स चालू करा. चित्र आलं, की दोषी बहुधा स्विचच. त्या छत्रीचे निम्मेच चॅनल तरीही गायब असतील, तर एलएनबीला (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा) १३ आणि १८ व्होल्ट दोन्ही पोचतात का ते पाहा; एकाने उभे सिग्नल मिळतात, दुसऱ्याने आडवे.

गेल्या जूनमध्ये मी जुना स्विच फोडला. आत हिरवट बुरशीसारखा थर, तांब्याची तार बोटाने चुरली. खारा वारा, दुसरं काय!

नवा बसवताना तोंडं खाली ठेवा, शक्यतो पडवीच्या आत. केबलीला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लावू नका, ते तांबं खातं. रबरी टेप ताणून गुंडाळा. शेवटी बॉक्सच्या मेनूत प्रत्येक छत्रीला तिचा पोर्ट, म्हणजे स्विचचं तोंड, द्या. मी स्विचवर खडूने ए-बी लिहिलं होतं. पहिल्याच सरीत पुसलं. आता रंगाचा ठिपका देतो.