पाळणाघरातला उन्हाळा: या चुका आम्ही करून बसलोय, तुम्ही टाळा

मी नागपुरात पाळणाघर चालवते. दोन वर्षांपासून ते आठ-नऊ वर्षांपर्यंतचे पोट्टे असतात आणि एप्रिल लागला की संख्या एकदम वाढते, कारण शाळा बंद आणि आईबाबांचं ऑफिस चालू. त्यात विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, म्हणजे नवतपा (मे अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) संपला तरी आमची सुट्टी काही संपत नाही.

पहिल्या वर्षी मी समर कॅम्पवाल्यांची पत्रकं बघून टाइमटेबल छापून घेतलं. साडेदहा ते अकरा क्ले, मग अर्धा तास डान्स, मग पेपरक्राफ्ट, आणि प्रत्येकाचा फोटो पालकांच्या ग्रुपवर. चौथ्या दिवशी मुलं चिडचिडी, मावशींचे पाय दुखायला लागलेले आणि क्ले पंख्याखाली वाळून दगड. दोन-तीन वर्षांच्या मुलाला एखादी गोष्ट हातात घेऊन रमायलाच वीस मिनिटं लागतात आणि तेवढ्यात आपण म्हणतो चला आवरा, पुढची अ‍ॅक्टिव्हिटी. मग रडारड होणार नाही तर काय?

आता आमचं टाइमटेबल ऊन ठरवतं. सात ते नऊ अंगणात, अकरा ते साडेचार आत, आणि दिवसाला एकच मुख्य उद्योग, वेळेचं बंधन नाही. हा उद्योग विकत आणावा लागत नाही हे कळायला मला दोन उन्हाळे लागले! एकदा सोमवारी सकाळी मुलांकडून मटकी भिजवून घेतली, घरी जायच्या आधी त्यांनीच ती फडक्यात बांधली आणि मंगळवारी सकाळी उघडली तर मोड बाहेर. साडेतीन वर्षांची एक जण म्हणाली, हिला शेपटी कोणी लावली? झालं, अर्धा तास सगळे शेपट्या मोजत बसले, मोठ्यांनी पट्टी आणली, सगळ्यात लांब शेपटीवरून भांडण झालं, आणि जेवणात तीच उसळ. एरवी उसळ न खाणाऱ्यांनीसुद्धा मागून घेतली. फक्त मे महिन्यात मोड आलेली मटकी दुपारपर्यंत बाहेर ठेवू नका, चिकट होते आणि वास मारतो.

पाण्याचा खेळ

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. अंगणातला पाइप सकाळपासून उन्हात पडलेला असतो, नळ सोडला की आधी येतं ते आतलं तापलेलं पाणी, आणि ते थेट मुलाच्या अंगावर गेलं तर भाजतं. आमच्याकडे एकदा मावशींच्याच हातावर आलं म्हणून निभावलं. आधी पाइपातलं सगळं पाणी तुळशीपासून लांब मातीत सोडून द्या, मग हाताने बघा, मगच मुलांना बोलवा. छतावरची काळी टाकी असेल तर हा खेळ सकाळीच उरका.

दुसरं म्हणजे टब. घोट्याएवढं तर पाणी आहे, काय होणार, असं म्हणून आत फोन घ्यायला जाऊ नका. लहान मूल दोन-तीन इंच पाण्यातसुद्धा बुडू शकतं आणि आवाज अजिबात होत नाही. एक मोठं माणूस फक्त टबाजवळ, त्याच्याकडे दुसरं कुठलंच काम नाही, फोटोही नाही. खेळ संपला की टब लगेच पालथा. खरं म्हणजे टबात बसवण्यापेक्षा दोन तांबे, एक चाळणी, एक नरसाळं आणि प्रत्येकाला थोडं थोडं पाणी द्या. छोट्या तांब्यातलं मोठ्यात मावतं पण मोठ्यातलं छोट्यात का मावत नाही हे ते स्वतः दहा वेळा सांडून शिकतात, सांगावं लागत नाही.

कूलर

बाहेरगावचे लोक कूलर लावतात आणि सगळ्या खिडक्या बंद करतात, मग खोली चिकचिकीत होते आणि मुलं घामेजून उठतात. समोरची खिडकी थोडी उघडी पाहिजे, हवेला बाहेर जायला वाट नको का? कूलरचं अर्थिंग सीझनच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, ओल्या हाताची मुलं त्याच्या आसपास फिरकायला नकोत. आणि टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, नुसतं वरून पाणी टाकत राहिलात तर आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार.

घसरगुंडी पत्र्याची असो की प्लास्टिकची, आधी हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला ठेवता येत नसेल तर मुलाला बसवायचं नाही, भले ते कितीही रडो. हिरवं खोटं गवतही भयंकर तापतं, दिसायला गार दिसतं एवढंच.

तहान, ओआरएस आणि घोळणा

पाणी मागतील तेव्हा देऊ, ही चूक सगळेच करतात. खेळात गुंग झालेलं मूल मागतच नाही. आम्ही दर अर्ध्या तासाने घंटा वाजवतो आणि सगळे घोट घोट पितात, घंटा वाजवायला नंबर लागतात त्यामुळे आठवणही मुलंच करून देतात. शू गडद पिवळी होतेय किंवा पाच-सहा तास झालीच नाही, हे मावशींनी तुम्हाला सांगायलाच पाहिजे.

ओआरएसचं एक लीटरचं पाकीट एक लीटर पाण्यातच. अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात टाकलं की प्रमाण बिघडतं आणि फायद्याऐवजी त्रास. छोटी पाकिटं 200 मिलीची पण मिळतात, म्हणून वाचून घ्या, आणि बनवलेलं 24 तासांनी फेका. काही पालक डब्यासोबत फळांच्या चवीचं गोड ड्रिंक पाठवायचे आणि म्हणायचे ओआरएसच आहे. ते नसतं हो, साखरच जास्त असते. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे खाण्यापिण्याच्या वस्तूंचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेने, असल्या ड्रिंकच्या नावात ओआरएस लिहायला मनाई केली ती उगाच नाही. रोजच्यासाठी साधं पाणी, ताक, कैरीचं पन्हं बास आहे.

घोळणा फुटला की आमच्या मावशी आधी मुलाची मान मागे करायच्या आणि कांदा हुंगवायच्या. मान मागे केली की रक्त घशात जातं आणि मग उलटी होते. मुलाला बसवून किंचित पुढे वाकवायचं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा मिनिटं, मध्ये मध्ये सोडून बघायचं नाही. तेवढा वेळ मूल बसावं म्हणून आम्ही गोष्ट सांगतो. अंग तापलेलं, मूल गुंगीत किंवा बरळतंय असं दिसलं तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, 108 ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत सावलीत ओल्या फडक्याने अंग पुसत, वारा घालत राहा. गुंगीतल्या मुलाला पाणी पाजायचं नाही.

मोठ्यांना टॅब दिला की झालं?

सुट्टीत सात-आठ वर्षांची भावंडं पण दिवसभर येतात आणि त्यांना टॅब देऊन कोपऱ्यात बसवणं सोपं वाटतं. दोन दिवस शांतता, तिसऱ्या दिवशी लहान मुलंही स्क्रीनभोवती. आम्ही मोठ्यांना बाहुला-बाहुलीचं लग्न लावायला दिलं, यादी त्यांनी केली, पत्रिका त्यांनी लिहिल्या, हिशेबात दहा रुपये कमी आले म्हणून वरपक्षाशी वाजलं, तेवढ्यात बेरीज-वजाबाकी होऊन गेली आणि वर्कशीट काढावंच लागलं नाही. पण मोठ्यांचे कंचे, चिंचोके दोन वर्षांच्या मुलाच्या तोंडात जातात बरं का, किचन टिश्यूच्या रोलमधल्या नळीतून जे आरपार जातं ते लहानांच्या खोलीत नको.

दुपारी झोप येत नसेल त्याला दटावून झोपवू नका, चटईवर चित्रांचं पुस्तक द्या.

आणि आंब्याच्या कोयी लावल्या तर उगवायला दोन-तीन आठवडे लागतात हे मुलांना पटत नाही, ती रोज उकरून बघतात. ओरडण्यापेक्षा एक कुंडी 'उकरायची कुंडी' म्हणून वेगळी काढून द्या. गेल्या वर्षी आमच्याकडे चार कोयींपैकी उगवली ती हीच, बाकी तीन पाणी घालून घालून सडवल्या.