तालिनच्या निगुलिस्तेला जाण्याआधी

एस्टोनियात तालिनच्या जुन्या शहरातलं निगुलिस्ते, म्हणजे संत निकोलसचं चर्च, १९८४ पासून कलासंग्रहालय आहे आणि मैफलीचं सभागृहही. त्यामुळे आधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर उघडण्याचे दिवस आणि ऑर्गनवादनाच्या वेळा शेजारी शेजारी ठेवून तारीख ठरवा. सोमवार टाळा. ऑर्गन बहुधा शनिवार-रविवारी ऐकायला मिळतो. त्याच दिवशी जा, पण दोन तास तरी आधी.

थोडा इतिहास वाचून गेलात तर डोळे जास्त टिपतात. १५२४ मध्ये शहरातली चर्चं लुटली जात होती, तेव्हा इथल्या कुलपांत वितळलेलं शिसं ओतलं गेलं आणि आतलं सगळं वाचलं. मार्च १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात इमारत जळाली, पण मोलाच्या कलाकृती आधीच हलवलेल्या होत्या. मोठी वेदी चित्रकार हर्मेन रोडेच्या कार्यशाळेची, १४७८ ते १४८१ मधली. तिच्यावरचे बारकावे उंचावर आहेत, म्हणून छोटी दुर्बीण असेल तर जरूर न्या.

खरा वेळ मात्र चित्रकार बेर्न्ट नोटकेच्या ‘मृत्यूच्या नृत्या’साठी राखून ठेवा. पंधराव्या शतकाच्या अखेरचं हे चित्र; त्यात सांगाड्याच्या रूपातला मृत्यू लहानथोरांना नाचात ओढून नेतो. आज उरलाय तो सुमारे साडेसात मीटरचा तुकडा. पात्रांचा क्रम आधी फोनवर पाहून ठेवा: डावीकडे प्रवचनकार, मग मशकबाजा वाजवणारा मृत्यू, मग खांद्यावर शवपेटी घेतलेला मृत्यू, आणि त्याच्यामागे पोप, सम्राट, सम्राज्ञी, कार्डिनल (पोपच्या खालोखालचा धर्मगुरू), राजा. क्रम ठाऊक असला की एकेका चेहऱ्यापाशी थांबता येतं, आणि थांबायलाच हवं. पोपसुद्धा किती नाखुशीने पाऊल उचलतोय, ते जवळून पाहा.

बाकी सामान थोडकं. गल्ल्यांत दगडी फरशी आहे, तेव्हा तळ जाड असलेले बूट घाला. दगडी इमारतीत बराच वेळ बसायचं म्हणजे उन्हाळ्यातही एक स्वेटर सोबत असू द्या. चघळायची गोळी नेणार असाल तर तिचं कागदी वेष्टन आधीच सोडून ती खिशात ठेवा. उंच कमानींखाली ऑर्गनचा सूर विरायला वेळ लागतो आणि त्यात वेष्टनाची चुरचुर लांबवर ऐकू जाते. फोन बंद करा. चांदीच्या वस्तूंचं दालन मैफलीआधी उरकून घ्या. मनोऱ्यात वर जायचं असेल तर हवा स्वच्छ असेल ती वेळ त्यासाठी धरा.