शाळेच्या ग्रंथालयात मेकरस्पेस: नव्या ग्रंथपालांसाठी

मेकरस्पेस, म्हणजे मुलांनी स्वतःच्या हातांनी वस्तू बनवायची जागा, म्हटलं की आधी थ्रीडी प्रिंटरचा विचार होतो. ग्रंथालयाला त्याची गरज नाही. एक मोठं टेबल, झाकणाचे खोके आणि शेजारी कपाटातून काढून ठेवलेली पुस्तकं, एवढ्यावर सुरुवात होते. ड्यूई वर्गीकरणातल्या ६२१, ७३६ आणि ७४५ या क्रमांकांपाशी विद्युत, कागदकाम, हस्तकला सापडेल. ती पुस्तकं टेबलावर उघडी ठेवा; मुलं कपाटापर्यंत जाऊन शोधतील ही अपेक्षा पहिल्या महिन्यात नको.

पहिली कृती म्हणून दिवा लागणारं भेटकार्ड घ्या. प्रत्येकी जाड कार्डपेपर, ५ मिमीचा लाल एलईडी, सीआर २०३२ सेल (नाण्यासारखा चपटा, ३ व्होल्टचा), चिकटपट्टी, कागदी क्लिप. स्वयंपाकघरातली फॉइल आधी कागदावर चिकटवा, मग ५ मिमी रुंदीच्या पट्ट्या कापा. नुसती फॉइल सुरकुतते आणि तुटते. एलईडीचा लांब पाय धन. पाय पसरण्यापूर्वी लांब पाय गोल वळवून घ्या, नाहीतर नंतर ओळखता येत नाही. एक पट्टी कार्डाच्या कोपऱ्यात सेलच्या ऋण बाजूखाली, दुसरी दुमडायच्या कोपऱ्यावर; एलईडीचा आखूड पाय पहिल्या पट्टीवर, लांब पाय दुसरीवर. कोपरा सेलवर दुमडून क्लिप लावली की दिवा लागतो.

नाही लागला तर? एलईडी उलटा आहे का, हे आधी पाहा. मग पायाखाली डिंक गेलाय का ते बघा: डिंकातून वीज जात नाही, म्हणून पाय थेट फॉइलवर ठेवून वरून चिकटपट्टी दाबायची. तिसरं कारण सहसा सुटून जातं. सेलची कडसुद्धा धनच असते. खालची ऋण पट्टी वर वळून कडेला टेकली की शॉर्ट होतं आणि सेल उतरतो.

लाल आणि निळा एलईडी समांतर जोडले तर बहुधा लालच लागतो. लालला साधारण २ व्होल्ट पुरतात, निळ्याला ३ च्या आसपास लागतात. हे आधी सांगू नका. मुलांना अडू द्या, पुस्तक उघडू द्या. ग्रंथालयात हे करण्याचं खरं कारण तेच आहे.

तयार नमुनाही दाखवू नका. एक सुंदर कार्ड समोर ठेवलं की सगळा वर्ग त्याचीच नक्कल करतो. त्याऐवजी काम द्या: 'पान उघडल्यावरच दिवा लागेल असं काहीतरी करा.'

तासिका ३५ मिनिटांची, वर्ग ५० चा. टेबलाशी एका वेळी बारा जण, बाकीचे वाचनाला. पुढच्या आठवड्यात पाळी बदला. अर्धवट कामासाठी नाव घातलेले बुटांचे खोके ठेवा. काम जपलं जाणार नाही असं वाटलं की मुलं अवघड काही हाती घेतच नाहीत.

सेल मात्र पुस्तकांसारखे देवघेवीत नोंदवून द्या आणि घंटेआधी मोजून घ्या. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजतं. एक जरी कमी भरला तर तो सापडेपर्यंत वर्ग सोडू नका आणि गिळल्याची शंका आली तर मुलाला तडक रुग्णालयात न्या.